फौजीच्या बायकोनं नवऱ्याच्या नोकरीचं गोंदण करावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावची. आमचे मालक तोफखान्यात होते, चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आले. ते आल्यावर मी डाव्या हातावर गोंदवून घेतलं. तेव्हापासून कँटीनच्या रांगेत, हळदीकुंकवाला, सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बायका हात धरून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवते.

एका वाक्यात सांगा, करावं का करू नये?

मनापासून करावंसं वाटत असेल तर जरूर करावं. मात्र ती इच्छा तुमची पाहिजे, नवऱ्याची, जावेची किंवा मोबाईलवर बघितलेल्या कुठल्या रीलची नको. मनात आल्यापासून निदान एक वर्ष जाऊ द्या. ते एकदा सुट्टीवर येऊन परत जाऊ देत, घर पुन्हा एकटीनं सांभाळा, आणि त्यानंतरही तेच चित्र डोळ्यांसमोर येत असेल तर करा. आणखी एक अट आहे, कागदांची. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय सुईखाली हात देऊ नका.

हे शहरातलं फॅड आहे, आपल्यात कुठं असतं असं?

आपल्यातच असतं. माझ्या आजीच्या हनुवटीवर ठिपका होता, कपाळावर चंद्रकोर, मनगटावर विंचू आणि डाव्या हातावर तुळस. गोंदणाऱ्या बाया सुगी झाल्यावर गावात यायच्या. तीनचार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या आणि वाटीत दिव्याची काजळी कालवलेली, एवढंच सामान. टोचताना पोरींचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून त्या गाणी म्हणायच्या. मेल्यावर दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बाईसोबत जातं, असं म्हातारी माणसं सांगायची. गरिबाघरच्या लेकीचा न मोडता येणारा दागिना तो.

आजीच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, आजोबांचं नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं. आजोबांचं नाव तिनं जन्मात तोंडातून काढलं नाही, उखाण्यातसुद्धा लाजून अर्धं खायची. तलाठ्यानं किंवा डॉक्टरनं मालकाचं नाव विचारलं की लुगड्याचा पदर दातात धरायची, चोळीची बाही वर सरकवायची आणि हात पुढं करायची. समोरच्यानं वाचून घ्यावं. मी लहान असताना ते नाव हिरवट निळं झालं होतं आणि कडांना पसरलं होतं. काळ्या काजळीचं असंच होतं, कातडीखालून ती निळसर हिरवी दिसते.

म्हणून टॅटू हा शब्द नवा असला तरी नवऱ्याचं नाव अंगावर घेणं मराठवाड्यात नवं नाही. नवऱ्याची नोकरी अंगावर घेणं हे मात्र नवं आहे, आणि सगळे प्रश्न तिथूनच निघतात.

फौजींच्या बायकांसाठी सैन्याचा काही नियम आहे का?

नाही. बायको सिव्हिलियन असते. तिनं काय गोंदवावं, कुठं गोंदवावं, हे पलटण ठरवत नाही. फॅमिली क्वार्टरमध्ये राहतानाही त्यावरून कुणी अडवत नाही.

पण ज्या पोरींचं वय अजून भरतीचं आहे त्यांनी इथं थांबून विचार करावा. तुम्ही स्वतः सैन्यात किंवा निमलष्करी दलात जायचा विचार कधीकाळी करणार असाल तर भरतीचा नियम तुम्हालाही लागू होतो. सैन्यात कायमचं गोंदण दोनच जागी चालतं: कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हाताच्या आतल्या अंगाला, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत आहे, बाकीच्यांना नाही. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या दलांत आणखी कडक आहे: आतल्या अंगाला असेल तर फक्त डावा हात, कारण उजव्यानं सॅल्यूट करायचा असतो, आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी. चाकूरला बीएसएफचं आणि मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आपल्या दारात आहे, त्यामुळं या दलांत जायचं स्वप्न बघणाऱ्या पोरी आपल्या भागात कमी नाहीत.

हे लांबचं वाटत असेल तर स्वाती महाडिक आठवा. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात लढताना गेले. दोन लेकरांची आई असलेल्या स्वातीताई चेन्नईच्या अकादमीतून २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. आयुष्य कुठं वळेल हे कुणाला माहीत? म्हणून तरण्या पोरींना माझं सांगणं एकच: गोंदवायचंच असेल तर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, छोटं.

मग दोघांनी जोडीनं करून घ्यावं का?

नोकरीत असलेल्या माणसाला गळ घालू नका. वर सांगितलेली बंधनं त्याला आहेत, आणि "बायकोनं हट्ट केला" हे उत्तर तिथं चालत नाही.

भरतीच्या पोरांचं तर विचारूच नका. माझ्या भावाच्या मुलानं दंडावर वाघाचं तोंड काढून घेतलं होतं. दोन वर्षं पहाटे चारला उठून रस्त्यावर पळायचा, धावण्यात पास झाला, आणि मेडिकलला शर्ट काढला तेव्हा तिथंच संपलं. घरी आला आणि दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. वहिनीनं त्याच्यासाठी दूध लावलं होतं, ते तिसऱ्या दिवशी बंद केलं. घरात दीर, भाऊ, भाचा भरतीच्या तयारीत असेल तर तुमचं गोंदण बघून त्याला हुरूप येईल, तेव्हा हा नियम त्याच्या कानावर आधी घाला.

नेमकं काय गोंदवावं? नाव, बॅज की घोषवाक्य?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेटवर "आर्मी वाइफ" टाकून जी डिझाइनं निघतात ती बहुतेक अमेरिकी सैन्याची असतात. त्यातला गरुड, त्यांच्या झेंड्याच्या पट्ट्या, त्यांचे बूट आपल्या फौजीच्या अंगावर कधीच नसतात. एका ओळखीच्या पोरीच्या खांद्यावर सुंदर हेल्मेट आहे, पण ते परक्या फौजेचं. नवऱ्यानं सुट्टीवर आल्यावर बघितलं आणि काहीच बोलला नाही. ते न बोलणं तिला फार लागलं.

दुसरी चूक याहून वाईट. जमिनीत उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर ठेवलेलं हेल्मेट, हे चित्र दिसायला भारदस्त आहे, पण ती शहिदाची खूण आहे. १९७१ च्या युद्धानंतर इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत उभी राहिली, २६ जानेवारी १९७२ ला तिचं उद्घाटन झालं, तिथं हीच उलटी रायफल आणि हेल्मेट होतं, २०२२ मध्ये ते राष्ट्रीय युद्ध स्मारकात हलवलं. ज्यांचा माणूस धडधाकट आहे त्यांनी हे अंगावर घेऊ नये. शकुन-अपशकुनाचा भाग सोडा, ती खूण ज्यांची आहे त्यांच्यासाठीच राहू द्यावी.

घोषवाक्य चांगलं, पण अक्षरं तपासा. महार रेजिमेंटचं "यश सिद्धी", तोफखान्याचं "सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल", सिग्नल्सचं, म्हणजे संदेश दळणवळणवाल्यांचं, "तीव्र चौकस", एएससीचं, म्हणजे रसद पुरवणाऱ्यांचं, "सेवा अस्माकं धर्मः", वायुदलाचं "नभः स्पृशं दीप्तम्", नौदलाचं "शं नो वरुणः". यातली जोडाक्षरं आणि विसर्ग गोंदणाऱ्या पोराला पाठ असतील असं धरून चालू नका. बऱ्याच दुकानांत आधी कॉम्प्युटरवर अक्षरं काढतात, आणि मराठीला न चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते, जोडाक्षराचे पाय मोडून दोन अक्षरं होतात. शेजारच्या गावच्या एकीच्या हातावर "सिद्धी"चं "सद्धिी" झालं आहे. तिनं छापील कागद बघितला होता, पण लाजेपोटी बोलली नाही. बोला. कागदावरचं अक्षर नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, शाळेतल्या मराठीच्या बाईंना दाखवा, मग हात पुढं करा. आणि अक्षर मोठं ठेवा. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं दहाबारा वर्षांत पसरून एकमेकांत शिरतात, मग "तीव्र" आहे का "तंत्र" आहे तेही कळत नाही.

नावाबद्दल माझं मत: एकटं नाव ठेवण्यापेक्षा त्यांच्या नोकरीतली तुम्हाला भावलेली एखादी छोटी वस्तू शोधा. त्यांनी आणलेलं चिनारचं पान, रेल्वेची लोखंडी पेटी, पहिल्या पत्राचा पाकीट-चौकोन. असं गोंदण फक्त तुमचंच असतं, दुसऱ्या कुणाच्या हातावर ते दिसत नाही.

पलटणीचा नंबर, त्यांचा सर्व्हिस नंबर, पोस्टिंगचं गाव?

यातलं काहीही नको.

सर्व्हिस नंबर म्हणजे त्यांच्या सगळ्या कागदांची किल्ली आहे. पेन्शन, विमा, दवाखाना, सगळीकडं तो लागतो. तो बसस्टँडवर उघड्या हातावर का दाखवायचा? युनिटचा नंबर आणि ठिकाण तर त्याहून जपायची गोष्ट. जुलै २०२० मध्ये सैन्यानं जवानांना ८९ ॲप मोबाईलमधून काढायला लावले, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. माहिती अशीच तुकड्यातुकड्यानं बाहेर जाते. जवानानं काढलेलं खातं बायकोच्या हाताच्या फोटोवरून परत उघडं पडलं तर काय उपयोग? गोंदण झाल्यावर फोटो टाकायचा मोह होतोच. त्यात नंबर नसला, गाव नसलं, तर टाका बिनधास्त.

तिरंगा किंवा तीन सिंह चालतील का?

राजमुद्रा नको. तिच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि खाजगी वापरासाठी ती नाही. तिरंग्याचा मान १९७१ च्या कायद्यानं राखला आहे. कमरेखालच्या कपड्यावर तो वापरणं आणि त्यावर काही लिहिणं, दोन्ही अवमानात धरलं आहे. कायदा कापडाबद्दल बोलतो, पण भावना तीच धरावी. पायावर तिरंगा नको, आणि तिरंग्याच्या पट्ट्यांवर नवऱ्याचं नाव तर अजिबात नको.

माझं लग्न अग्निवीराशी ठरलंय. आत्ताच नाव गोंदवू का?

थांब गं बाई. अग्निवीर भरतीला अविवाहितच लागतो आणि चार वर्षांच्या नोकरीत त्याला लग्न करता येत नाही. जून २०२२ पासूनची ही योजना आहे, चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुलं पुढं कायम होतात, बाकीची घरी येतात. म्हणजे तुमच्या लग्नाला अजून अवकाश आहे आणि त्याचं पुढं काय होणार हेही ठरायचंय. त्याला पत्रं लिही, फोन कर. त्याचा धीर त्यातून वाढेल. गोंदण लग्नानंतर.

सासूबाई म्हणतात, जिवंत माणसाचं स्मारक करू नये. काय सांगू त्यांना?

त्यांच्याशी भांडू नका. लेकरू सीमेवर आहे आणि रात्री फोन वाजला की त्या आईचा जीव गळ्यात येतो, तिच्या तोंडून हे निघणारच. जन्मतारीख आणि पुढं मोकळी रेघ, असली डिझाइनं खरंच स्मारकासारखी दिसतात, ती टाळा म्हणजे त्यांचं अर्धं म्हणणं मिटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांच्या स्वतःच्या हातावरची तुळस किंवा विंचू दाखवा आणि विचारा, हे कुणी केलं होतं, कधी केलं होतं. माझ्या सासूबाई त्यावर तासभर बोलत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "कर, पण सूनबाई, कुणा येड्याकडं नको जाऊ."

माझे पती शहीद झाले. मी गोंदवून घेऊ का? लोक काय म्हणतील?

ताई, तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे आणि ते मी फार सांभाळून लिहिते आहे.

पहिल्या वर्षात कुठलाही कायमचा निर्णय घेऊ नका. घर विकणं, जमीन नावावर करून देणं आणि गोंदण, तिन्ही सारखंच. त्या दिवसांत माणूस स्वतःचा नसतो. गावात कमान उभी राहते, चौकाला नाव दिलं जातं, सव्वीस जानेवारीला स्टेजवर बोलावतात, आणि त्या गर्दीत तुमचं दुःख तुमचं राहत नाही. गोंदण करायचंच असेल तर ते गर्दीसाठी नसावं. वर्ष सरू द्या, वर्षश्राद्ध होऊ द्या. त्यानंतर वाटलं तर करा, आणि पदराखाली झाकेल अशा जागी करा, म्हणजे दाखवायचं का नाही हे रोज तुमच्या हातात राहील. दंड ही चांगली जागा.

लोकांचं म्हणाल, तर काही म्हणतील की आता कशाला नटणं. त्यांना उत्तर द्यायची गरज नाही. उलट काही जण मागं लागतील की शहिदाच्या पत्नीनं गोंदवलंच पाहिजे, फोटो काढू, कार्यक्रमात दाखवू. त्यांनाही नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट कुणी मोकळेपणानं बोलत नाही. पुढं आयुष्यात दुसरं माणूस येऊ शकतं, आणि त्यात काही वाईट नाही. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता पूर्वी विधवेनं दिराशीच लग्न केलं तरच चालू राहायचा, नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारनं ती अट काढून टाकली. सरकारनंसुद्धा मान्य केलं की बाईनं पुन्हा संसार कुणाशी मांडायचा हे तिचं ती ठरवेल. ज्या खुणेसोबत तुम्ही असा संसारही मोकळ्या मनानं करू शकाल अशीच खूण निवडा. त्यांच्या आठवणीचं एक छोटं फूल तसं असतं, पूर्ण चेहरा तसा नसतो. चेहऱ्याचं गोंदण कातडीबरोबर ताणतं, सुरकुततं, आणि दहा वर्षांनी ते त्यांच्यासारखं दिसत नाही. तो दुसरा घाव कशाला घ्यायचा?

तुम्ही सारखं "आधी कागद बघा" म्हणता, त्याचा गोंदणाशी काय संबंध?

फार जवळचा आहे. तुमच्या हातावर त्यांचं नाव यायच्या आधी त्यांच्या रेकॉर्डमध्ये तुमचं नाव नीट लागलंय का?

लग्न झाल्यावर युनिटमधून पार्ट टू ऑर्डर निघते, त्यातून रेकॉर्ड ऑफिसात बायकोची नोंद होते. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत. माहेरचं नाव सुमन, सासरी झाली संगीता, आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि रेकॉर्डला हिंदी कारकुनानं लिहिलेलं तिसरंच. नवरा नोकरीत असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. अडतं तेव्हा अडतं जेव्हा दुरुस्तीवर सही करायला तो नसतो.

माझ्या स्वतःच्या नावात एक मात्रा चुकली होती. पेन्शनचे कागद करताना ते निघालं. प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा दाखला, फोटो, पुन्हा प्रतिज्ञापत्र, असे सात महिने गेले. एका खिडकीवरच्या माणसानं तर तोंडावर विचारलं, "तुम्हीच त्यांच्या बायको कशावरून?" सोबत हे उभे होते म्हणून निभावलं. नसते तर?

म्हणून पुढच्या सुट्टीत दोघं बसून एवढं बघा. पार्ट टू ऑर्डरची प्रत घरात आहे का. लेकरांच्या जन्माची नोंद झाली आहे का. विम्याला आणि बँकेला वारस म्हणून कुणाचं नाव आहे, कारण पुष्कळ पोरांनी भरतीच्या वेळी आईचं नाव लावलेलं असतं आणि लग्नानंतर बदलायचं राहून जातं. पेन्शनर असतील तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर तेच दिसतं का. काही चुकलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा करायचा ते तिथं सांगतात.

ज्या बाईनं हे सगळं केलं आहे तिनं खुशाल पूर्ण हात गोंदवावा.

माळेगावच्या जत्रेत स्वस्तात करून मिळतं. करू का?

नका करू. माळेगावची, येरमाळ्याची जत्रा आपल्या जिवाभावाची, पण धुळीत मांडलेल्या पाटावर, बॅटरीच्या मशीननं, एकच सुई दहा जणांना लावून केलेलं गोंदण म्हणजे कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीला दार उघडणं. कावीळ ब ची लस आहे, सहा महिन्यांत तीन डोस. कावीळ क ला लस नाही.

संभाजीनगर, नांदेड, लातूरला नीट दुकानं आहेत. तिथंही डोळे उघडे ठेवा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे. हातमोजे नवे पाहिजेत, आणि मध्येच फोन उचलला तर ते बदलले पाहिजेत. विचारायला लाजू नका, तो रागावला तर उठून या.

रंगीत पेक्षा काळं बरं. लाल शाईची ॲलर्जी जास्त बघायला मिळते. आणि कान टोचल्यावर किंवा ऑपरेशननंतर ज्यांच्या अंगावर जाड, वाढणारा वण आला होता त्यांनी आधी त्वचेच्या डॉक्टरला विचारावं, विशेषतः छातीवर आणि खांद्यावर करायचं असेल तर.

कोणत्या दिवसांत करावं?

एप्रिल-मे सोडून. बेचाळीस डिग्रीत घाम, धूळ आणि ताजी जखम यांचं जमत नाही. सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी, ऊसतोडीचा हंगाम यांच्या तोंडावरही नको. वरची जखम भरायला दोनतीन आठवडे लागतात आणि कापसाचं बोंड ओरखडल्याशिवाय राहत नाही. कामं उरकल्यावर, थंडीत करा. रोज साबण आणि स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवा, टाक्यातलं किंवा टँकरचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं घ्या. हळद, चुना, राख, खोबरेल काही लावू नका. खपली ओढू नका. पू झाला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गरोदर असताना, अंगावर पाजत असताना, शुगर असताना?

पहिल्या दोन्हीत थांबा. शुगर असेल तर डॉक्टरला विचारून, शुगर आटोक्यात असतानाच.

गोंदवल्यावर रक्तदान करता येतं का?

वर्षभर नाही. रक्तपेढीत विचारल्यावर खरं सांगा. गावात जयंतीला किंवा पंधरा ऑगस्टला शिबिर असेल तर आधी रक्त द्या, मग गोंदवा.

आम्ही मुसलमान आहोत, आमच्यात कायमचं गोंदण चालत नाही. मग काय करू?

मग नकोच. मेंदी आहे ना. ते सुट्टीवर यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या रेजिमेंटचा छोटा बॅज तळहातावर काढा, महिनाभराची सुट्टी संपेपर्यंत तोही फिका होतो. फक्त झटपट रंगणारी "काळी मेंदी" घेऊ नका. तिच्यात केस काळे करायचं रसायन असतं, त्यानं फोड येतात आणि डाग राहतात.

गोंदण नको, पण काहीतरी करायचंय?

साडीला लावायचा रेजिमेंटचा ब्रोच कँटोन्मेंटच्या दुकानांत मिळतो, पदरावर फार शोभतो. मला मात्र सगळ्यात आवडली ती आमच्या गल्लीतल्या एकीची गोधडी. नवऱ्याच्या पीटीच्या जुन्या पांढऱ्या बनियनींचे चौकोन तिनं लुगड्यांच्या तुकड्यांत शिवले आहेत. लेकरं थंडीत त्यासाठी भांडतात.

पुढं नकोसं वाटलं तर निघतं का?

लेझरनं फिकं होतं. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतरानं पुष्कळ बैठका लागतात, करण्यापेक्षा काढायला खर्च जास्त येतो आणि सावळ्या कातडीवर पांढरे डाग पडू शकतात. काळा रंग बऱ्यापैकी जातो, हिरवा आणि पिवळा चिवट असतो. निघेल या भरवशावर करू नका.

तुमच्या हातावर काय आहे?

आजीच्या हातावर होती तशी तुळस, आणि तिच्या खाली ठिपके. नाव नाही, बॅज नाही. ठिपके एकोणीस आहेत. नोकरी चोवीस वर्षांची, पण माझं लग्न झालं तेव्हा त्यांची पाच वर्षं होऊन गेली होती. ती पाच वर्षं सासूबाईंनी काढली, ती मी माझ्या हातावर कशी घेऊ?

सहावा ठिपका जरा पसरला आहे, तिथं माझा हात हलला. रात्री लाइट गेली की आम्ही अंगणात बाज टाकून बसतो, तेव्हा हे कधीकधी माझा हात मांडीवर घेऊन बोटानं ठिपके मोजतात. सहाव्यापाशी आले की विचारतात, "ह्या साली मी कुठं होतो गं?" मी सांगते, "तुम्ही वर, बर्फात. आणि इकडं धाकट्याचं बारसं होतं."